हरवलेल्या चाकूच्या जागीं

संसारांतल्या वस्तूंची किंमत दोन ठिकाणीं ठरते. एक दुकानांत आणि दुसरी घरांत. सोन्याची अंगठी दोन्ही ठिकाणीं मोलाची असते. पण कांहीं वस्तु अशा असतात कीं, दुकानदार त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं आणि घरधन्याला मात्र त्यांच्यावांचून चैन पडत नाहीं. खिशांत ठेवावयाचा घडीचा चाकू हा या दुसऱ्या वर्गांतला मानकरी होय. पेन्सिलीला टोंक काढणें, पुडक्याची सुतळी तोडणें, प्रवासांत पेरू चिरणें, पाकिटाची कड उघडणें, मुलाच्या पतंगाची कामटी तासणें, अशीं दिवसांतून दहा कामें तो करतो आणि एकाहि कामाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ज्या दिवशीं तो हरवतो, त्या दिवशीं मात्र घरधन्याचा हात दहा वेळां रिकाम्या खिशांत जातो.

अशा वेळीं घरांतलीं माणसें सहज म्हणतात, "चाकूच तो! दुसरा आणा." सल्ला खोटा नाहीं, पण अपुरा आहे. दुसरा म्हणून आणलेला चाकू पुष्कळदां आठ दिवसांत टेबलाच्या खणांत जाऊन पडतो आणि घरधनी पुन्हां दातांनीं सुतळी तोडूं लागतो. असें कां होतें, आणि तें होऊं नये म्हणून नवा चाकू कसा निवडावा व कसा आपलासा करावा, याचा विचार करण्यासारखा आहे.

वस्तु आपली झाली कीं आपल्या लेखीं तिची किंमत वाढते, हें नुसतें भावनेचें बोलणें नव्हे. १९९० सालीं डॅनियल काह्नमन, जॅक क्नेच व रिचर्ड थेलर या तीन विद्वानांनीं विद्यार्थ्यांवर केलेले कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. कांहीं विद्यार्थ्यांना कॉफीचा एक साधा पेला भेट दिला, कांहींना दिला नाहीं. ज्यांना पेला मिळाला होता त्यांनीं तो विकण्यास मागितलेली किंमत, ज्यांना तो घ्यावयाचा होता त्यांनीं देऊं केलेल्या किंमतीच्या सुमारें दुप्पट भरली. पेला तोच, बाजार तोच. फरक एवढाच कीं तो थोडा वेळ एकाच्या मालकीचा झाला होता. थोड्या वेळाची ही कथा, तर वीस वर्षें खिशांत वागविलेल्या चाकूची काय सांगावी?

परंतु या मोलाचा हिशेब नीट फोडून पाहिला पाहिजे. चाकू हरवला म्हणजे एकाच वेळीं तीन गोष्टी हरवतात. पहिली त्याची उपयुक्तता. म्हणजे पातें, धार, माप आणि वजन. दुसरी हाताची संवय. नख कोठें अडकवावयाचें, पातें किती जोरानें उघडतें, मूठ तळहातांत कोठें टेकते, हें डोळे मिटूनहि हाताला ठाऊक झालेलें असतें. तिसरी आठवण. तो चाकू वडिलांचा असेल, एखाद्या मित्रानें निरोपाच्या वेळीं दिलेला असेल, किंवा पहिल्या पगारांतून घेतलेला असेल. यांपैकीं पहिली गोष्ट विकत मिळते. दुसरी मिळवावी लागते. तिसरी कोठेंच मिळत नाहीं, आणि ती नव्या चाकूकडून मागणें हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. नव्या चाकूंबद्दलची बहुतेक निराशा या तीन गोष्टींची गल्लत झाल्यानें उत्पन्न होते.

फ्रान्समध्यें 'जानोचा चाकू' असा एक वाक्प्रचार आहे. जानोच्या चाकूचें पातें झिजलें म्हणून त्यानें नवें बसविलें. पुढें मूठ तुटली म्हणून तीहि बदलली. तरी त्याच्या लेखीं तो आपला जुनाच चाकू! लोक याला हंसतात. पण जानोच्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. चाकूचें 'तेंपण' लोखंडांत आणि लाकडांत जेवढें असतें, त्याहून अधिक तें अखंड वापरांत असतें. हें ध्यानांत धरलें म्हणजे पुढचा मार्ग सुलभ होतो.

नवा घेण्यापूर्वीं जुन्याचा शोध मात्र मनापासून करावा. चाकू लहान व जड असतो. त्यामुळें तो बहुधा उडत नाहीं, घसरतो. खिशाचें अस्तर फाटलें असेल तर तो कोटाच्या खालच्या घडींत उतरतो. आरामखुर्चीच्या किंवा मोटारीच्या बैठकीच्या फटींत जातो. बागेंत काम करतांना गवतांत ठेवला जातो आणि फळांच्या सालींबरोबर कागदांत गुंडाळून केरांतहि जातो. म्हणून 'कोठें ठेवला' हें आठवण्यापेक्षां 'शेवटचें काय कापलें' हें आठवावें. त्या कामाच्या जागेपासून शोधास आरंभ करावा. सांपडेल तेव्हां गंजलेला सांपडला तरी टाकूं नये. वरवरचा गंज तेल लावून घांसल्यानें जातो. खोल खड्डे पडले असतील तरच पातें निकामी समजावें.

शोध संपला आणि चाकू गेलाच असें ठरलें, म्हणजे ही वस्तु मुळांत काय आहे हें समजून घेणें बरें. पातें मुठींत मिटण्याची युक्ति फार जुनी आहे. ऑस्ट्रियांतील हालश्टाट येथें इसवी सनापूर्वीं सुमारें पांचशें ते सहाशें वर्षांचा, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सांपडलेला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळचें एक चांदीचें घडीचें साधन आहे. त्यांत पात्याबरोबर चमचा, कांटा व टोंचणी बसविलेली आहे. इंग्रजींत लहान चाकूला जें लेखणीचें नांव पडलें, तें पक्ष्याच्या पिसाची लेखणी त्यानें तासावी लागे म्हणून. आपल्याकडे बोरूचें टोंक तिरकें छाटून त्याला मधोमध चीर द्यावयाची, तीहि चाकूनेंच. चाकू बोथट असला तर अक्षर बिघडे, म्हणून वळणदार अक्षराचा अभिमान धरणारा माणूस चाकूच्या धारेलाहि जपे.

साध्या घडीच्या चाकूचें यंत्र सोपें आहे. मुठीच्या पाठीशीं पोलादाची एक कमान असते. पात्याचें मूळ एका खिळ्याभोंवतीं फिरतें आणि त्याच्या सपाट बाजूवर ती कमान दाबून बसते. पातें पुरें उघडलें कीं कमान तें धरून ठेवते. पुरें मिटलें कीं मिटलेलें ठेवते. मधल्या स्थितींत मात्र तिचा विरोध जाणवतो. चांगल्या चाकूंत हा विरोध ठाम पण गुळगुळीत असतो आणि मिटतांना स्वच्छ 'टक्' असा आवाज येतो. मात्र या जातींत पात्याला कुलूप नसतें. टोंकानें भोंसकण्याचा प्रयत्न केल्यास तें बोटांवर मिटण्याची भीति असते, हें विसरूं नये.

यंत्रानंतर पोलाद. इंग्लंडांतील शेफील्ड हें चाकूंचें जुनें माहेरघर. तेथील कारागिरांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें मातीच्या मुशींत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत तेथें रूढ केली. मुशींत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतांत त्यापूर्वीं कित्येक शतकें चालत आलेली होती व तेथील पोलाद दूरदेशीं जात असे. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलें, म्हणजे आपल्या लोहारांच्या भाषेंत त्याला पाणी दिलें, कीं तें कठीण होतें. पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हां मंद तापवितात. साध्या पोलादावर तेव्हां क्रमानें रंग चढतात. सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला गवतासारखा पिवळा, नंतर तपकिरी व जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. चाकूचें पातें पिवळ्या-तपकिरी छटेच्या आसपास थांबवितात. कमान निळ्या छटेपर्यंत नेतात, कारण तिला धारेपेक्षां लवचिकपणा अधिक हवा असतो. एकाच चाकूंत एक पोलाद कठीण आणि दुसरें लवचिक, असा हा संसार आहे.

१९१३ सालीं शेफील्डमध्येंच हॅरी ब्रिअर्ली यानें सुमारें १२.८ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद तयार केलें. क्रोमियममुळें पृष्ठावर एक अदृश्य पापुद्रा बसतो व तो गंजाला अटकाव करतो. हेंच स्टेनलेस स्टील. साध्या पोलादाच्या पात्यानें कैरी किंवा केळफूल चिरलें तर तें काळें पडतें. स्टेनलेसचें पडत नाहीं. उलट, साधें पोलाद निसण्यावर लवकर धार घेतें. ज्याचा हरवलेला चाकू जुना व काळसर पात्याचा होता, त्याला नवा चकचकीत चाकू 'हट्टी' वाटतो, त्याचें एक कारण हेंच. ही नव्याची खोट नव्हे; जात वेगळी आहे, एवढेंच.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर एकच यादी करावी. ती नव्या चाकूच्या गुणांची नव्हे, तर गेल्या महिनाभरांत जुन्यानें केलेल्या कामांची. बहुतेकांच्या यादींत फळ, दोरी, पाकीट, पेन्सिल, औषधाच्या गोळ्यांचें वेष्टन आणि क्वचित् एखादा स्क्रू, इतकेंच निघेल. या यादीपुढें मोह टिकत नाहींत. स्वित्झर्लंडचा सुप्रसिद्ध तांबडा चाकू घ्या. त्याच्या एका मोठ्या प्रकारांत ३३ कामांची सोय आहे आणि वजन सुमारें १८५ ग्रॅम आहे. भेट म्हणून तो अप्रतिम. पण सदऱ्याचा खिसा त्याच्या भारानें लोंबतो. मग तो कपाटांत राहतो, आणि कपाटांतला चाकू म्हणजे नसलेला चाकू. त्याच घराण्यांतला दोन पात्यांचा साधा प्रकार साठ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि यादींतलीं जवळजवळ सर्व कामें करतो.

या घराण्याची कुळकथाहि सांगण्यासारखी आहे. कार्ल एल्सनर यानें १८८४ सालीं श्वित्स परगण्यांतील ईबाख येथें कारखाना काढला. त्या वेळीं स्विस सैन्याला लागणारे चाकू देशांत होत नसल्यामुळें पहिले चाकू जर्मनींतील झोलिंगेन येथून आणावे लागले होते; १८९१ पासून एल्सनर ते पुरवूं लागला. १८९७ सालीं त्यानें अधिकाऱ्यांसाठीं हलका व अधिक साधनांचा चाकू नोंदविला. आजचा तांबडा चाकू त्याचाच वंशज. १९०९ सालीं आई व्हिक्टोरिया वारली तेव्हां त्यानें मालाला तिचें नांव दिलें. १९२१ सालीं न गंजणारें पोलाद आल्यावर त्याची फ्रेंच खूण नांवाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स हा शब्द झाला.

दुसरा नामांकित पर्याय फ्रान्समधील साव्हॉय प्रांताचा. जोझेफ ओपिनेल यानें १८९० सालीं शेतकऱ्यांसाठीं लांकडी मुठीचा, एका पात्याचा स्वस्त चाकू तयार केला. १८९७ मध्यें त्याचीं १ ते १२ अशीं मापें ठरलीं. १९५५ सालीं त्याला फिरतें कडें बसविलें गेलें. तें फिरविलें कीं उघडें पातें पक्कें होतें. यांतील ८ क्रमांकाचें पातें साडेआठ सेंटिमीटर असतें. फळें, भाजी, पाव कापण्यास हा फार सुखाचा; परंतु पावसाळ्यांत मुठीचें लांकूड फुगून पातें अडकतें, ही गोष्ट कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या माणसानें आधींच जाणून असावी.

ज्याला हुबेहूब जुन्यासारखाच चाकू हवा असेल त्यानें जुन्या वस्तूंच्या बाजारांतहि पाहावें. तेथें चार गोष्टी तपासाव्या. पातें उघडून बाजूंस हलवावें; खिळा सैल असेल तर तें डुगडुगतें. पात्याची रुंदी पाहावी. वारंवार धार लावून तें अरुंद झालेलें असतें. मिटल्यावर टोंक मुठीबाहेर तर येत नाहीं ना, हें पाहावें. येत असेल तर खिसा फाटेल आणि बोटहि. शेवटीं कमानीला तडा आहे काय तें पाहावें, कारण तुटलेली कमान बदलणारा कारागीर आतां सहसा मिळत नाहीं.

निवडींत आणखी एक विचार आवश्यक झाला आहे, तो कायद्याचा. भारतांत १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील २०१६ चे नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं धारदार हत्यारें शस्त्रांत गणलीं असून घरगुती व शेतीच्या कामासाठीं बनविलेलीं वगळलेलीं आहेत. खिशांतला तीन इंची चाकू या मापाच्या पुष्कळ आंत बसतो. तरी मनाईहुकूम असेल तेथें किंवा जेथें दारावर झडती होते तेथें तो नेऊं नये. मुलाकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईवडिलांनीं तर विशेष सावध असावें. तेथील १९८८ च्या कायद्याप्रमाणें तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू सार्वजनिक जागीं बाळगतां येतो. पण पात्याला कुलूप असेल तर ही सवलत मिळत नाहीं, योग्य कारण दाखवावें लागतें. म्हणजे वर सांगितलेला कड्याचा ८ क्रमांकाचा चाकू लांबीनें आणि कुलुपानें असा दोन्ही अंगीं नापास होतो. स्विस बनावटीचा बिनकुलुपाचा लहान चाकू उत्तीर्ण होतो.

विमानप्रवास हें तर चाकू गमावण्याचें आधुनिक तीर्थक्षेत्रच आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेंतील हल्ल्यांनंतर हातांतल्या सामानांतील चाकूंवर जगभर कडक निर्बंध आले आणि स्विस चाकूंच्या विक्रीलाहि मोठा धक्का बसला. २०१३ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत सहा सेंटिमीटरांपर्यंतचे लहान चाकू पुन्हां नेऊं देण्याचें जाहीर झालें होतें. परंतु विरोध झाल्यामुळें जूनमध्यें तो विचार सोडून देण्यांत आला. आपल्याकडेहि हातांतल्या पिशवींत चाकू चालत नाहीं. सामानांत सोपवावयाच्या पेटींत तो ठेवतां येतो. ज्याला वडिलांचा चाकू जपावयाचा आहे, त्यानें प्रवासाच्या आदल्या रात्रींच तो खिशांतून काढून पेटींत टाकावा. तपासणीच्या टेबलाशीं आठवण झाली तर तेव्हां उपाय थोडे उरतात.

चाकू घरीं आला. आतां तो आपलासा करावयाचा. याचा खरा संस्कार म्हणजे त्याला स्वतः धार लावणें. निसण्यावर पाण्याचे किंवा तेलाचे थेंब टाकावे. पातें दगडावर उभें धरलें कीं नव्वद अंश. त्याचें निम्मे पंचेचाळीस. त्याचेंहि निम्मे साडेबावीस. त्याहून किंचित् खालीं, वीस अंशांच्या आसपास, पातें धरून दगडावरून एक पातळ चकती छाटावी तसें पुढें सरकवावें. कोन बदलूं देऊं नये. धारेचें सारें रहस्य त्यांत आहे. एका बाजूनें घांसतां घांसतां दुसऱ्या बाजूस बारीकसा खरखरीत कांठ बोटाला लागला म्हणजे बाजू बदलावी. शेवटीं न्हावी वस्तरा फिरवितात तसें जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागें ठेवून, दहावीस वेळां फिरवावें. परीक्षा अंगठ्यावर घेऊं नये. कागदाच्या उभ्या कडेवर किंवा पिकलेल्या टोमॅटोवर घ्यावी.

रस्त्यावर चाक फिरविणाऱ्या धारवाल्याकडे चाकू द्यावयाचाच असेल तर जवळ उभें राहावें. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हां पात्याची पातळ कड फार तापते. साध्या पोलादाची कड निळी पडली तर समजावें कीं तिचें पाणी उतरलें. ती धार दोन दिवसहि टिकणार नाहीं. चाक सावकाश फिरवावयास आणि पातें वरचेवर पाण्यांत बुडवावयास सांगावें. सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. स्वयंपाकाचें तेल कालांतरानें चिकट होतें, म्हणून तें घालूं नये. साध्या पोलादाचें पातें वापरल्यावर लगेच कोरडें पुसावें. त्यावर हळूहळू करडा-निळा रंग चढूं लागला तर घाबरूं नये. तो तांबडा गंज नव्हे, गंजापासून थोडा बचाव करणारें कवचच आहे.

अशी महिना-दोन महिने सोबत झाली कीं नख न पाहतां खांचेंत बसूं लागतें. मुठीवर एक ओरखडा पडतो आणि तो कशानें पडला हें घरधन्याला ठाऊक असतें. धार कोठपर्यंत ओढावयाची हें मनगटाला कळतें. ज्या दिवशीं घरांतलें कोणी "तुमचा चाकू जरा द्या" असें म्हणतें, आणि 'नवा' हा शब्द त्यांत येत नाहीं, त्या दिवशीं बदली पुरी झाली असें समजावें.

वडिलांची आठवण जुन्या चाकूबरोबर गेली असें वाटणें साहजिक आहे. पण थोडें मागें जाऊन पाहावें. त्यांच्या हातीं तो आला तेव्हां तोहि एका दुकानांतला परका चाकूच होता. त्यांनीं तो रोज पुसला, वेळच्या वेळीं निसण्यावर धरला, आंबा चिरून पहिली फोड मुलाच्या हातावर ठेवली, म्हणून तो 'वडिलांचा चाकू' झाला. तेंच काम आतां नव्या चाकूकडून घ्यावयाचें आहे, आणि त्याची पहिली फोड वाट पाहणारा हातहि घरांत असेलच.